खडकावरचे घर आणि उतारावरची विहीर

शहाण्या मनुष्याने आपले घर खडकावर बांधले, हा दृष्टान्त आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे. त्या घराच्या शौचकूपाचे पाणी कोठे जात होते, हे मात्र शुभवर्तमानकाराने नमूद केलेले नाही, आणि तसे करण्याचे त्यास कारणही नव्हते. आज आमच्या भागात ते कारण उत्पन्न झाले आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील माळांवर हल्ली नवी घरे उठत आहेत. मुलगा आखाती देशात, गोव्यात किंवा मुंबईस असतो, तो पैसे पाठवितो, आणि म्हातारपणी आईवडिलांस रात्री अंधारात बाहेर जावे लागू नये म्हणून घरालगत संडास बांधला जातो. ही गोष्ट अत्यंत योग्य आहे. परंतु जमीन जांभ्याची, वर माती जेमतेम वीतभर. अशा ठिकाणी संडासाची सेप्टिक टाकी कशी बसवावी, ह्याविषयी फार थोडा विचार होतो. मीही केला नव्हता. म्हणून हा लेख.

चार वर्षांपूर्वीची हकीकत. मुंबईच्या नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेले एक गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर मजकडे आले व म्हणाले, “फादर, टाकीचे काम झाले. शोषखड्डा असा उत्तम लागला आहे की काय सांगू! गवंड्याने वीस घागरी पाणी ओतले, आणि आपण चहा पिऊन येईपर्यंत थेंब उरला नाही. एकदा पाहून जा.” मी गेलो. घर माळाच्या माथ्याजवळ, पूर्वेच्या अंगास उतार, आणि उतारावर सुमारे सत्तर फुटांवर शेजाऱ्यांची जुनी विहीर. पश्चिमेस त्याच गृहस्थांची काजूची बाग. शोषखड्डा पूर्वेस, आठ फूट खोल, निव्वळ जांभ्यात फोडलेला. मजदेखत पुन्हा पाणी ओतले गेले व पुन्हा ते नाहीसे झाले. मी समाधान व्यक्त केले, घरास आशीर्वाद दिला, चहा घेतला आणि परत आलो. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान व ईशज्ञान पुष्कळ शिकविले गेले. पाणी नाहीसे होणे व पाणी शुद्ध होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कोणी शिकविले नाही.

पुढे जुलै महिन्यात, पाऊस धरून लागल्यावर, उतारावरच्या त्या घरातील दोन मुले जुलाबाने आजारी पडली. तालुक्याच्या इस्पितळात त्यांना सलाईन लावावी लागली. देवदयेने दोघेही बरे झाले. पावसाळा म्हणजे असे चालायचेच, असे सगळेच म्हणाले. परंतु त्या घरची आजी मला म्हणाली, “फादर, विहिरीच्या पाण्याला वास येतो. पन्नास वर्षे मी ह्या रहाटावर पाणी ओढले, असा वास कधी आला नव्हता.” आरोग्य उपकेंद्रातून एक तपासणीची बाटली आणली. १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ही सोपी पद्धत प्रसिद्ध केली. बाटलीत एक औषध लावलेली कागदाची पट्टी असते. तीत पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवावयाचे, आणि पाण्यात विष्ठेतील जंतू असल्यास ते काळे पडते. आमची बाटली दुसऱ्या दिवशी दौतीतील शाईसारखी काळी झाली.

येथे जांभ्याच्या अंगी काय आहे ते सांगितले पाहिजे. फ्रान्सिस ब्यूकॅनन ह्या स्कॉटिश प्रवाशाने १८०७ साली केरळातील अंगाडिपुरम येथील ह्याच दगडास लॅटेराइट, म्हणजे विटेसारखा दगड, असे नाव दिले; कारण खाणीतून काढताना तो मऊ असतो, धारदार हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात, आणि वाऱ्यास लागला की तो कठीण होतो. बांधकामास ह्यापरता सोयीचा दगड नाही. परंतु चिरा हाती घेऊन पाहा: तो वाळवी लागलेल्या लाकडासारखा नळ्यांनी व भोकांनी पोखरलेला असतो. माळावर पडलेले पाणी ह्या नळ्यांतून व भेगांतून सरळ खाली उतरते. कठीण कवचाखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट-तांबूस चिकणमातीचा थर असतो. त्यावर ते पाणी अडते, आडवे वाहू लागते आणि उताराच्या अंगास झऱ्याच्या किंवा विहिरीच्या रूपाने बाहेर येते. आमच्या पूर्वजांनी विहिरी नेमक्या तेथे खणल्या, ते उगाच नव्हे. म्हणजे माथ्यावरचा शोषखड्डा व उतारावरची विहीर ही एकाच नळाची दोन टोके असू शकतात.

आता टाकीविषयी. पुष्कळांची अशी समजूत आहे की सेप्टिक टाकीतून निघणारे पाणी स्वच्छ असते. ही समजूत कोठून आली हे पाहण्यास थोडे मागे जावे लागेल, आणि आमच्या वाचकांस त्यात एक कौतुकाची गोष्टही सापडेल. फ्रान्समधील वेसूल गावच्या झाँ-लुई मूरास ह्या गृहस्थाने सुमारे १८६० साली घरच्या मैल्यासाठी एक बंद दगडी टाकी बांधली. पुष्कळ वर्षांनी ती उघडली तेव्हा तीत अपेक्षेच्या मानाने घनपदार्थ अगदी थोडा होता, असे सांगतात. हे कुतूहल जगापुढे मांडण्याचे काम आबे मॉइन्यो नामक एका कॅथलिक धर्मगुरूने केले. ते स्वतः गणिती होते व विज्ञानविषयक नियतकालिक चालवीत असत. १८८१ साली मूरासला ह्या टाकीचे पेटंट मिळाले. पुढे इंग्लंडात एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरून ह्या अभियंत्याने १८९५ च्या सुमारास तशीच टाकी बांधून तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. तेच नाव आमच्या खेड्यातील गवंड्याच्या तोंडी आज आहे.

टाकीत घडते ते असे. जड मैला तळाशी बसून गाळ होतो, तेलकट पदार्थ वर येऊन साय धरतात, आणि मधले पाणी पलीकडच्या नळीने बाहेर पडते. हवेवाचून जगणारे जंतू गाळ हळूहळू कुजवून त्याचे आकारमान कमी करतात. मूरासच्या टाकीतील चमत्कार तो हाच. परंतु बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू व जंतांची अंडी राहतातच. त्या पाण्याची खरी शुद्धी टाकीत होत नाही. ती मातीत होते. मातीचे बारीक कण जंतूंना अडवितात, कणांमधील हवेत राहणारे दुसरे सूक्ष्मजीव त्यांना खाऊन टाकतात. ह्यासाठी पाणी मातीतून सावकाश, पाझरत गेले पाहिजे, आणि निदान दोन-तीन फूट कोरड्या मातीतून गेले पाहिजे. जेथे माती वीतभर आहे तेथे टाकी कितीही चांगली बांधा, निम्मे काम अपुरेच राहते. पवित्र शास्त्रातील अनुवाद ह्या ग्रंथाच्या २३ व्या अध्यायात इस्राएल लोकांस छावणीबाहेर खणून आपला मळ मातीने झाकण्याची आज्ञा आहे. आज्ञा माती टाकण्याची आहे, दगडाच्या फटीत सोडण्याची नाही.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २४७० ह्या संहितेत सेप्टिक टाकीची मापे दिलेली आहेत: रुंदी निदान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली निदान एक मीटर, साठा निदान १००० लिटर, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. गवंडी लोकांस ही मापे बहुधा ठाऊक असतात. त्याच संहितेच्या दुसऱ्या भागात पाणी जमिनीत जिरविण्याविषयी लिहिले आहे, आणि तो भाग कोणी उघडीत नाही. त्यात जिरवणीची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर दूर असावी असे सांगून, भेगांच्या खडकात मात्र ही पद्धत मुळी वापरूच नये, कारण भेगांतून घाण फार दूरवर जाऊ शकते, असा इशारा दिलेला आहे. आमच्या त्या गृहस्थांचा खड्डा विहिरीपासून सत्तर फूट, म्हणजे एकवीस मीटर, होता. फुटपट्टीने पाहिले तर त्यांनी नियम पाळला होता.

मातीची परीक्षा करण्याची रीत अगदी साधी आहे व ती प्रत्येकाने स्वतः करावी. जेथे पाणी जिरवावयाचे त्या खोलीपर्यंत चार इंच रुंदीचे भोक पाडावे, कडा खरवडून घ्याव्यात, तळाशी दोन इंच बारीक खडी घालावी, आणि फूटभर पाणी भरून रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी खडीवर सहा इंच पाणी ठेवून अर्ध्या तासात ते किती उतरते ते मोजावे. एक इंच उतरण्यास एक तासाहून अधिक लागला तर जमीन पाणी घेणार नाही, ते वर येईल. हे सर्वांस कळते. उलट, एक इंच पाणी एका मिनिटाच्या आतच उतरले तर ती जमीन नव्हे, ती चाळण आहे. तेथेही पाणी सोडता कामा नये. हे मात्र कोणास पटत नाही, कारण खड्डा तुंबत नाही आणि घरमालकास त्रास होत नाही. त्रास होतो तो खालच्या घराला.

त्या घरी मग काय केले ते सांगतो. प्रथम संडासाचा वापर थांबवून टाकी उपसली. तेव्हा दुसरी चूक दिसली. टाकी जांभ्याच्या चिऱ्यांची बांधलेली होती, आणि आत गिलावा केवळ वरच्या दोन फुटांस. तळ तर खडकाचाच ठेवला होता. “खालचा खडकच भक्कम आहे, फादर, त्याला काँक्रीट कशाला?” असा गवंड्याचा युक्तिवाद. भक्कम असणे व न गळणे ह्यांतील भेद वर सांगितलाच आहे. टाकीस तळाशी काँक्रीट घातले, आतून एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा करून तो घोटून घेतला, मग टाकी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरून खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली चार बोटे उतरलेले. पुन्हा रिकामी केली, एका कोपऱ्यातील भेग सापडली, ती बुजविली. तिसऱ्या खेपेस रेघ व पाणी एकत्र राहिले. ज्यास घाई असेल त्याने निदान ही एक परीक्षा चुकवू नये.

तयार प्लास्टिकची टाकी आणणाऱ्यांसाठी येथेच एक सूचना. खडकात खड्डा घेतला तर कडा टोकदार राहतात, म्हणून तळाशी व भोवती वाळूचा थर घालूनच टाकी बसवावी. पावसाळ्यात खडकातील खड्डा हौदासारखा भरतो, आणि रिकामी टाकी होडीप्रमाणे वर उचलली जाऊन नळ मोडते. तेव्हा ती कधीही पूर्ण रिकामी ठेवू नये. सुरुंग लावण्याच्या तर कोणी भरीसच पडू नये. परवान्यावाचून तो गुन्हा आहे, आणि त्याने खडकात ज्या नव्या भेगा पडतात त्या कोठवर जातील ह्याचा नेम नाही. पहार, घण व छिन्नीने काम सावकाश होते; काळ्या पाषाणात फारच सावकाश. अशा ठिकाणी टाकी अर्धी जमिनीवर घेऊन संडासाचे जोते चार पायऱ्या उंच करणे, हेच स्वस्त पडते. म्हाताऱ्यांसाठी पायऱ्यांस कठडा करावा.

मुख्य प्रश्न पाण्याचा. जेथे माती नाही तेथे माती आणावी लागते. ह्यास दुसरा उपाय नाही. अमेरिकेत खडकाळ व पाणथळ जमिनींसाठी जमिनीवर वाळू-मातीचा ढिगारा रचून त्यात पाणी जिरविण्याची पद्धत आहे, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९७० च्या दशकात तिचा पुष्कळ अभ्यास केला. आम्ही तिचे लहान रूप केले. पूर्वेचा शोषखड्डा चिकणमातीने ठोकून भरला व वर काँक्रीट घातले. पश्चिमेस, काजूच्या बागेच्या वरच्या अंगास, टाकीच्या तोंडापासून पाच फूट सखल अशी जागा होती. तेथून विहीर दीडशे फुटांहून अधिक दूर, आणि माथ्याच्या पलीकडे. तेथील गवत काढून खडकावर दोन फूट जाडीचा वाळूमिश्रित मातीचा थर पसरला. त्यावर पाऊण फूट खडी, खडीत भोके पाडलेला आडवा नळ, खडीवर माती खाली झिरपू नये म्हणून विणलेले जाड कापड, आणि सर्वांवर फूटभर माती, दोन्ही बाजूंस उतरती. वाफ्याची माथ्यावरची लांबी बारा फूट, रुंदी सहा. पायथा अर्थातच त्याहून पुष्कळ रुंद. सहा माणसांच्या संडासाच्या पाण्यास एवढी जागा पुरते. वरच्या अंगास अर्धचंद्राकृती चर खणून पावसाचे पाणी बाहेर वळविले. आमच्या भागात वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तो चर नसता तर पहिल्याच आषाढात वाफा वाहून गेला असता.

माती कोणती, ह्यावर मोठा वाद झाला. गृहस्थांस शेतातील चिकण काळी माती फुकट मिळत होती. ती पाणी घेत नाही. नदीची जाडी वाळू गवंड्यास हवी होती. ती पाणी अडवीत नाही. शेवटी हाताच्या मुठीत दाबल्यास गोळा होतो पण बोटाने टिचकी मारताच फुटतो, अशी माती नऊ ट्रॉल्या आणली. खर्च शोषखड्ड्याच्या तिप्पट झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. गृहस्थ काही दिवस मजशी मोजकेच बोलत होते.

खर्च कमी करावयाचा असेल त्याने पाणी कमी करावे. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी टाकीत मुळीच सोडू नये. ते केळी-अळूस द्यावे. खेड्यासाठी जे अधिक उताराचे व उथळ पाणकोंडीचे भांडे मिळते त्यास प्रत्येक वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरते. शहरी भांडे त्याच्या कितीतरी पट पाणी पिते. ज्यांस टाकीचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी दोन खड्ड्यांचा संडास आहे, ज्यासाठी स्वच्छ भारत मोहिमेत २०१४ पासून पात्र कुटुंबांस १२००० रुपये दिले गेले. परंतु भेगांच्या जागी तोही जसाच्या तसा चालत नाही: खड्डे जमिनीवर उचलून घ्यावे लागतात, तळ बंद करून भोवती दीड-दोन फूट बारीक वाळूचे वेष्टण द्यावे लागते.

इंदूर-बडोद्याकडील वाचकांची काळी जमीन ह्याच्या उलट वागते. पावसात ती फुगून पाणी नाकारते व उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. हैदराबादकडे ग्रॅनाइटच्या धोंड्यांमधील मुरूम कोठे चांगला, कोठे नाही. ठिकाण कोणतेही असो, भोक पाडून पाणी मोजण्याची ती परीक्षा तीच आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत गंभीर आहे. टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी काढावाच लागतो. तो काढण्यासाठी कोणाही मनुष्याने टाकीत उतरता कामा नये. आत प्राणवायू नसतो, आणि कुजलेल्या अंड्याच्या वासाचा जो वायू असतो तो अधिक झाला की नाकास त्याचा वासही येईनासा होतो. पहिला उतरलेला पडतो, त्यास काढण्यास दुसरा उतरतो आणि तोही पडतो. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि मृत बहुधा गरीब घरचे असतात. २०१३ च्या कायद्याने हे काम संरक्षक साधनांवाचून मनुष्याकडून करून घेणे गुन्हा ठरविले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारांतील अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपयांवर नेली. आमच्या घरी टाकीची दुरुस्ती करतानाही उपसा यंत्राने केला, झाकणे चार दिवस उघडी ठेवली, आणि पाण्याने धुऊन पंख्याने हवा खेळविल्यावरच, कमरेस दोर बांधून व वर दोन माणसे ठेवून, गवंडी उतरला. खडकाळ माळावर आणखी एक अडचण आहे: उपसा करणारी गाडी घराशी पोहोचत नाही. तेव्हा टाकीची जागा ठरविण्यापूर्वीच गाडी कोठवर येईल व तिची नळी किती लांब आहे, हे विचारून घ्यावे. ज्याने हे विचारले नाही तो पुढे कोणा गरजू मजुरास बादली घेऊन आत उतरविण्याच्या मोहात पडतो. गाळ नेऊन ओढ्यात ओतणाऱ्या गाडीवाल्यासही पैसे देऊ नयेत. आमचे ओढे मलप्रभेस मिळतात. ती कणकुंबीस उगम पावते आणि पुढे हुबळी-धारवाडची तहान भागविते.

वाफा पुरा झाल्यावर शेजाऱ्यांची विहीर उपसून, गाळ काढून, ब्लीचिंग पावडर टाकली. तो खर्च वरच्या गृहस्थांनी आपण होऊन दिला. तरीही पहिल्या महिन्यातील बाटली पुन्हा काळी झाली. खडकाच्या नळ्यांत साचलेले एका दिवसात निघत नाही. आजीने त्या काळात माझ्या विहिरीवरून पाणी नेले, आणि रोज येताना मला, काही न बोलता, रिकामी घागर दाखवीत असे. पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्ट महिन्यात, तीन बाटल्या तीन वेगवेगळ्या दिवशी भरल्या. तिन्हींचे पाणी दोन दिवसांनंतरही पिवळसरच राहिले. त्यांतील एक बाटली आजीने माझ्याकडून मागून घेतली व रहाटाच्या खांबावरील कोनाड्यात ठेवली आहे. वाफ्यावर आता कर्दळ फुलली आहे. दर पावसाळ्यात एकदा बाटली भरावयाची, असे दोन्ही घरांनी ठरविले आहे. यंदाची अजून भरावयाची आहे.